स्मृतीची राखण

कांहीं शब्द घरांत पाहुण्यासारखे येतात आणि बघतां बघतां घरचे होऊन बसतात. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द त्यांपैकींच आहे. आमच्या लहानपणीं तो रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेर कधीं भेटत नसे. हल्लीं चहाच्या पुड्यावर, तेलाच्या डब्यावर, फळांच्या रसाच्या बाटलीवर, इतकेंच काय, पण तोंडास लावावयाच्या मलमाच्या नळीवरही तो विराजमान झालेला दिसतो. ज्यांच्या मुखीं तो वारंवार येतो त्यांपैकीं किती जणांस त्याचा विग्रह करून दाखवितां येईल, हें विचारण्याचें धाडस माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकासच व्हावें. कारण शब्द भेटला कीं त्याचीं पदें सुटीं करून पाहावीं, ही खोड आम्हां संस्कृत शिकविणाऱ्यांच्या हाडींमाशीं खिळलेली असते.

विग्रह अवघड नाहीं. पूर्वपदाचा अर्थ 'विरुद्ध', आणि उत्तरपदाचा अर्थ प्राणवायूशीं संयोग घडवून पदार्थाचें रूप पालटणारा. या पालटाचीं उदाहरणें प्रयोगशाळेंत शोधावयास नकोत. तीं प्रत्येक स्वयंपाकघरांत आहेत. पावसाळ्यांत विळीच्या पात्यास चढणारा गंज, चिरून ठेवलेल्या सफरचंदाची काळवंडलेली फोड, जुन्या तेलास व खोबऱ्यास येणारा खवटपणा, हीं सर्व प्राणवायूचींच कृत्यें होत. जो वायु आपणांस जगवितो तोच हळूहळू पदार्थाचा क्षय करतो. आणि यावरील उपायही गृहिणींना पूर्वींपासून ठाऊक आहे. सफरचंदाच्या फोडीवर लिंबू पिळलें कीं ती पुष्कळ वेळ पांढरी राहते. कारण लिंबांतील आंबटपणा हा पालट मंद करतो, आणि त्यांतील क जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा स्वतःवर घेतें. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, तें या एका फोडींत आलें.

आतां मनुष्याच्या देहांत असा खवटपणा येण्याचें भय सर्वांत अधिक कोठें, असें विचाराल तर तें मेंदूंत. मेंदूचें वजन सुमारें १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाच्या केवळ २ टक्के. परंतु आपण स्वस्थ बसलेले असतांनाही देहास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के हा एकटा घेतो. त्यांतून पाण्याचा अंश वगळला तर मेंदूचा सुमारें निम्मा भाग स्निग्ध द्रव्यांचा आहे, आणि स्निग्ध द्रव्य तेंच लवकर खवट होतें. शिवाय त्वचा झिजली तर नवी येते, रक्ताच्या पेशी नव्या होतात, पण मज्जापेशी बहुतेक आयुष्यभर त्याच राहतात. पांचव्या वर्षीं ज्या पेशींनीं अक्षरें ओळखलीं, त्यांच्याकडूनच पंचाहत्तराव्या वर्षीं नातवाचें नांव आठवून घ्यावयाचें असतें. इतकी जुनी चाकरी करणाऱ्यांची काळजी कोणासही वाटेल.

देहांत प्राणवायूचा उपयोग होत असतांना कांहीं अणुसमूह अर्धवट स्थितींत सुटतात. त्यांच्यापाशीं एक विद्युत्कण जोडीवांचून एकटा असतो, आणि तो जोडीदाराच्या शोधांत दिसेल त्या शेजाऱ्याशीं झोंबतो. यांना मुक्त मूलक म्हणतात. असे पदार्थ असूं शकतात हें मिशिगन विद्यापीठांतील मोझेस गोम्बर्ग यांनीं १९०० सालीं प्रथम दाखविलें. वार्धक्याचें मूळ या मूलकांच्या उपद्रवांत आहे, असा सिद्धान्त डेनहॅम हार्मन यांनीं १९५६ सालीं मांडला. आणि १९६९ सालीं मॅककॉर्ड व फ्रिडोविच या गुरुशिष्यांनीं शोधून काढलें कीं देहांत या मूलकांचें शमन करणारें एक विकर मूळचेंच आहे. म्हणजे चोर घरांत जन्मतो आणि पहारेकरीही घरांतच जन्मतो. हा पहारा पुरेसा आहे कीं त्यास बाहेरून कुमक पाठवावी, हाच सारा वाद आहे.

ही कुमक वनस्पतींकडून मिळावी, अशी आशा लोकांस कां वाटते? वनस्पतीस पाय नाहींत. ऊन तापलें म्हणून तिला सावलींत जातां येत नाहीं, कीड लागली म्हणून पळतां येत नाहीं. एकाच जागीं उभें राहून तिला सारें सोसावें लागतें; म्हणून तिनें आपल्या अंगांतच रक्षणाचीं द्रव्यें निर्माण केलीं आहेत. आवळ्याचा व चहाचा तुरटपणा, जांभळाचा व कोकमाचा रंग, हळदीचा पिवळेपणा, हीं आपल्या जिभेस व डोळ्यांस सुखविण्यासाठीं जन्मलेलीं नाहींत. तीं त्या त्या झाडाचीं चिलखतें आहेत. आपण तीं उसनीं घेऊन आपल्या मेंदूवर चढवूं पाहतों. उसनें चिलखत अंगास बसतें कीं नाहीं, हें पाहणें मात्र अवश्य आहे.

मला हें पाहावें लागलें तें माझ्या थोरल्या बंधूंमुळें. अण्णांचें वय आज अठ्याहत्तर आहे. मला अमरकोश शिकविला तो त्यांनीं. शब्दरूपावलि घोकून घेतली ती त्यांनीं. दीड-दोन वर्षांपासून त्यांची स्मृति ढळूं लागली. प्रथम चष्मा सांपडेना, मग ओळखीचीं नांवें सांपडेनाशीं झालीं. एके दिवशीं जेवून उठल्यावर अर्ध्या तासानें त्यांनीं वहिनींस विचारलें, "आज पानें वाढावयाचीं नाहींत काय?" वहिनींनीं आंत जाऊन डोळे पुसले. आणि गंमत, छे, गंमत कसली, आश्चर्य हें कीं त्याच संध्याकाळीं अमरकोशाचा वर्गच्या वर्ग त्यांनीं एकही पद न चुकतां म्हणून दाखविला. बाल्यांत कोरलेलें राहतें आणि सकाळचें पुसलें जातें, हा या विकाराचा स्वभाव आहे असें वैद्यकशास्त्र सांगतें. पण तें पुस्तकांत वाचणें वेगळें आणि आपल्या गुरूच्या मुखावर वाचणें वेगळें.

एकत्र कुटुंबांत दुखणें एकाचें असलें तरी उपाय सर्वांचे असतात. वहिनींनीं रात्रीं हळदीचें दूध सुरू केलें. आमच्या घरांतून ब्राह्मीच्या तेलाची आठवण निघाली. पुण्यास नोकरी करणाऱ्या पुतण्यानें दूरध्वनीवरून सांगितलें कीं हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची एक बाटली तो पाठवितो आहे; महिन्यास एक बाटली, तिची किंमत साडेतीन हजार रुपये, आणि किमान वर्षभर घ्यावयाची. बापाविषयींच्या मायेपुढें पैशाचा हिशोब त्याला नको होता, आणि त्याचें मन मोडणें मलाही नको होतें. पण घरचा जमाखर्च माझ्याकडे असल्यामुळें मीं इतकेंच म्हटलें, "बाटली मागविण्यापूर्वीं एक महिना मला वाचूं द्या." अण्णांची धाकटी सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. ती म्हणाली, "काका, निबंध मी काढून देतें, इंग्रजी अडेल तेथें विचारा." अशा रीतीनें सासऱ्यासाठीं सून आणि भावासाठीं भाऊ, दोघेही ओटीवर अभ्यासास बसलों.

प्रथम हळद. कोशकारांनीं रात्रीचीं सगळीं नांवें हळदीस बहाल केलीं आहेत. निशा म्हणजेही हळद आणि रजनी म्हणजेही हळद. आमच्या सांगलीकडे तिचें केवढें माहात्म्य! जमिनींत खोदलेल्या पेवांत वर्षानुवर्षें ती सांठविली जात असे, आणि २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळालें. तिचा पिवळा रंग वेगळा काढण्याचें काम फोगेल व पेल्टिए यांनीं १८१५ सालीं केलें आणि त्यास कर्क्युमिन हें नांव मिळालें. त्याची रासायनिक घडण १९१० सालीं निश्चित झाली. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंत जखम भरून येण्यासाठीं हळदीच्या वापरावर एक पेटंट दिलें गेलें, तेव्हां आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतांना, त्यास हरकत घेतली. जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांतील एक लेख पुराव्यांत दाखल झाले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. संस्कृत ग्रंथ परदेशीं साक्षीस उभे राहिले, याचा माझ्यासारख्यास अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या निकालानें काय सिद्ध झालें, हें नीट पाहिलें पाहिजे. ही विद्या नवी नव्हे, इतकेंच तेथें सिद्ध झालें. ती किती गुणकारी आहे याचा निवाडा तेथें झाला नाहीं. आणि प्रश्नही जखमेचा होता, स्मृतीचा नव्हता.

स्मृतीच्या बाबतींत हळदीचा पक्ष मांडणारे हरियाणांतील बल्लभगडचें उदाहरण देतात. तेथील खेड्यांत झालेली पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. पासष्ट वर्षांवरील दर हजारी माणसांत वर्षाला अल्झायमरचा विकार नव्यानें किती जणांस होतो, हें वयाचें प्रमाण सारखें करून पाहतां बल्लभगडांत ४.७ आणि अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यांत १७.५, असे आंकडे निघाले. आपल्याकडे हळद खातात, तिकडे खात नाहींत. म्हणून हळद मेंदूस राखते, असा निष्कर्ष अनेकांनीं काढला. पण आमच्या न्यायशास्त्रानें केवळ अन्वयावर कधीं विश्वास ठेवला नाहीं. व्यतिरेकही दाखवा, असें तें म्हणतें. बल्लभगडांत हळद न खाणारी मंडळी कोठें होती, कीं तिच्या अभावीं काय होतें तें कळावें? त्या खेड्यांतील माणसें कमी वर्षें जगत, पाहणीचा काळ थोडा होता, आणि या विकाराकडे झुकविणारें एक आनुवंशिक बीज तेथें विरळ आढळलें. इतकीं कारणें उभीं असतां एकट्या हळदीच्या गळ्यांत माळ घालणें न्याय्य नाहीं. शिवाय २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. हे सर्व हळदीच्याच घरांतले!

मग प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात? कांचेच्या तबकांत वाढविलेल्या मज्जापेशींवर विषारी मूलकांचा मारा केला आणि त्यांत कर्क्युमिन घातलें, तर पेशी वांचतात, हें अनेकदां दिसलें आहे. उंदरांतही चांगले परिणाम दिसले. परंतु तबकांतील पेशीस औषध थेट मिळतें. माणसाला तें गिळावें लागतें. कर्क्युमिन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि उतरलेलें यकृत तत्काळ मोडून टाकतें. बंगळुरास १९९८ सालीं झालेल्या प्रयोगांत मिऱ्यांतील पायपरिन बरोबर दिल्यास रक्तांतील प्रमाण पुष्कळ पटींनीं वाढतें असें दिसलें. तरीही मूळचें प्रमाण इतकें अल्प कीं पुष्कळ पटीही थोड्याच भरतात. त्यापुढें रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडदा आहेच. तो ओळखीवांचून कोणास आंत सोडीत नाहीं. लॉस अँजेलिस येथें अल्झायमरच्या ३६ रुग्णांस २४ आठवडे कर्क्युमिन दिलें. त्याचा २०१२ सालचा निष्कर्ष असा कीं रुग्णांस कांहीं लाभ दिसला नाहीं. तेथेंच २०१८ सालीं दुसऱ्या प्रयोगांत, विकार न जडलेल्या ४० प्रौढांस, रक्तांत अधिक उतरेल अशा रीतीनें बनविलेलें कर्क्युमिन अठरा महिने दिल्यावर स्मरणशक्तींत कांहीं सुधारणा आढळली. चाळीस माणसें ही आशेस पुरेशीं आहेत, निश्चयास नाहींत. पुतण्याच्या बाटलीवर मात्र निश्चयाचीच भाषा छापलेली होती.

ब्राह्मीचा पक्ष याहून थोडा बरा आहे. पण तेथें आधीं नांवाचाच घोटाळा सोडवावा लागतो. चरकानें बुद्धीस हितकर अशीं चार रसायनें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. यांतील मंडूकपर्णी म्हणजे आपला कारिवणा. त्यासही पुष्कळ ठिकाणीं ब्राह्मीच म्हणतात. ओलसर जागीं पसरणारी, जाड बारीक पानांची जी दुसरी ब्राह्मी, तिच्यावर ऑस्ट्रेलियांत २००१ सालीं निरोगी माणसांत प्रयोग झाला. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे घेणारांत शिकण्याच्या व स्मरणाच्या कांहीं चाचण्यांत सुधारणा दिसली. पहिल्या मात्रेनें लगेच कांहीं झालें नाहीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. सुधारणा निरोगी माणसांतील आहे, स्मृति ढळलेल्यांतील नव्हे. आणि ती पोटांत घेतलेल्या अर्काची आहे, डोक्यास चोळलेल्या तेलाची नव्हे. तेलानें डोकें शांत होतें, झोंप चांगली लागते, आणि चोळणाऱ्या हाताचा लाभ होतो, तो निराळाच. तेवढ्यासाठीं आमच्याकडे तेल अद्याप चालू आहे.

केवळ वनस्पतिज द्रव्य म्हणून तें निरुपद्रवी, ही समजूत तर फारच घातक आहे. गाजरांतील रंगद्रव्यापासून आशा मोठी होती. फिनलंडांत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला आणि १९९४ सालीं निकाल लागला तो असा कीं बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणारांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होतां १८ टक्क्यांनीं वाढला. ई जीवनसत्त्वानें कंपवाताचा वेग कमी होत नाहीं, हें ८०० रुग्णांच्या प्रयोगांतून १९९३ सालीं दिसलें. अल्झायमरमध्यें मात्र २०१४ सालच्या प्रयोगांत दैनंदिन व्यवहारांतील ऱ्हास थोडा मंदावला. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें इटलींत २०१९ सालीं एकदम पुष्कळ आढळलीं, आणि पुढें अमेरिकेंतही नोंदलीं गेलीं. भाजींतील चिमूटभर हळद आणि अनेक पटींनीं आटविलेला अर्क या एकाच नांवाच्या दोन वस्तु आहेत.

याचें कारणही शास्त्रानें आतां बरेंच उलगडलें आहे. मुक्त मूलक हे केवळ चोर नाहींत. देह जंतूंस मारतो तो त्यांच्याच साह्यानें, आणि पेशी एकमेकींस निरोप धाडतात त्यांतही त्यांचा उपयोग करतात. त्यांचा समूळ नाश करणें म्हणजे घरांत आग लागूं नये म्हणून चूलच विझविणें होय. हळद, कोबीच्या जातीच्या भाज्या व तत्सम पदार्थ यांतील द्रव्यें मूलकांस टिपून घेण्याचें काम फारसें करीत नसावीं; कारण रक्तांत तीं असतात तरी किती? तीं पेशींना किंचित् डिवचतात, आणि त्या डिवचण्यानें पेशींतील मूळचे पहारेकरी जागे होतात, हा अलीकडचा विचार मला अधिक पटतो. शिक्षकास तो पटावा हें उघड आहे. चांगला मास्तर विद्यार्थ्याचीं गणितें स्वतः सोडवीत नाहीं. तो त्यास जागें ठेवतो. आणि जागें ठेवण्यास हळू आवाज पुरतो. सतत ओरडल्यानें वर्ग बहिरा होतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गृहिणीनें ऐकावी अशी आहे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचा क्रोमेट नांवाचा पिवळा रंग चोळण्याचा प्रकार बांगलादेशांत मोठ्या प्रमाणांत आढळला. २०१९ सालीं तेथील बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें. शिसें मेंदूचें, आणि त्यांतही बालकांच्या मेंदूचें, उघड विष आहे. म्हणजे मेंदूच्या रक्षणासाठीं म्हणून घेतलेली वस्तु मेंदूचेंच भक्षण करणार! तेथील सरकारनें व संशोधकांनीं मिळून लोकजागृति व दंड यांचा अवलंब केला, तेव्हां २०२१ सालापर्यंत तें प्रमाण शून्यावर आलें. निश्चय केला तर अशी भेसळ दोन वर्षांत थांबवितां येते, हें यावरून दिसतें. हा रंग अखंड हळकुंडासही चोळीत, यास्तव केवळ हळकुंड घेतलें म्हणून निर्धास्त राहूं नये. फार झळझळीत माल टाळावा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावा, हें बरें.

महिना संपला तेव्हां आम्ही दोघांनीं घरांतील सर्वांस एकत्र बसवून हें सारें सांगितलें. पुतण्याही सुटी काढून आला होता. तो निराश झाला. "मग बाबांसाठीं कांहींच करावयाचें नाहीं काय?" असें त्यानें विचारलें. तेव्हां त्याच्या भावजयीनें जें उत्तर दिलें त्यानें बैठकीचा रंगच पालटला. ती म्हणाली, "भावजी, आपण सगळे वनस्पतींत शोधतों आहोंत. पण जें एक द्रव्य कोणतीच वनस्पति तयार करीत नाहीं, त्याची कोणी आठवण काढली काय?"

तें द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. तें सूक्ष्म जंतूच निर्माण करतात. मनुष्यास तें मांस, मासे, अंडीं व दूध यांतून मिळतें. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत दूध-दही हाच एक मार्ग, आणि उतारवयांत जठराची शक्ति मंदावल्यामुळें तोही अरुंद होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, पुणें व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकीं ६७ टक्क्यांत हें जीवनसत्त्व कमी आढळलें होतें. याच्या अभावीं हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो आणि स्मृतिही मंदावते. अण्णांच्या पायांस मुंग्या येतात ही तक्रार आम्ही वयाच्या खातीं मांडून ठेविली होती. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें. ब-१२ फारच कमी निघालें. रक्तदाबही चढलेला होता, आणि कानांनीं कमी ऐकूं येत होतें तें तपासणींत स्पष्ट झालें.

इंजेक्शनें सुरू झालीं. वर्षभराच्या बाटल्यांसाठीं जे बेचाळीस हजार रुपये जावयाचे होते, त्यांतून श्रवणयंत्र आलें. ऐकूं न येणें व स्मृति ढळणें यांचा संबंध निकटचा आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सत्तरीच्या पुढील ९७७ माणसांस तीन वर्षें पाहिलें, तेव्हां ज्यांस धोका अधिक होता त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास श्रवणयंत्रानें जवळजवळ निम्म्यानें मंदावला. सर्वांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. लॅन्सेट या वैद्यकीय पत्राच्या मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें मोजलीं, त्यांत बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा हीं आहेत; हीं सर्व आवरलीं तर सुमारें ४५ टक्के विकार टळेल वा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. चौदांत गोळीची उणीव हें कारण कोठेंही नाहीं.

अण्णा पूर्ववत् झाले असें मी म्हणणार नाहीं. तें खरें होणार नाहीं. पायांच्या मुंग्या गेल्या, चालणें सावरलें, बोलण्यांत पुन्हा लक्ष लागूं लागलें. परंतु सकाळचें संध्याकाळीं कधीं राहतें, कधीं पुसतें. आणि डॉक्टरांच्या मतें झीज जी झाली ती झालीच आहे. तरीही ज्या उणिवेस औषध होतें ती हळदीच्या दुधाखालीं आणखी एक वर्ष झांकून राहिली असती, तर आज जें राहिलें आहे तेंही राहिलें नसतें. हा विचार मनांत आला कीं सुनेच्या त्या एका प्रश्नाचें मोल कळतें. रात्रीचें दूध मात्र बंद केलेलें नाहीं. त्यांत चिमूटभर हळद असते, त्याहून अधिक वहिनींचें मन असतें, आणि दुधांत थोडें ब-१२ ही असतें!

मग वनस्पतींतील या द्रव्यांचें करावयाचें तरी काय? माझें मत असें कीं त्यांस औषधाच्या पदावरून उतरवून अन्नाच्या पदावर बसवावें. तें पद कमी मानाचें नाहीं. आवळा, जांभूळ, कोकम, पालेभाजी, डाळी, चहा, हळद हीं ताटांत असावीं, कारण तीं ताटांत असलीं म्हणजे तळलेलें व गोड यांना जागा कमी उरते. आहाराकडूनही चमत्काराची अपेक्षा करूं नये. मेंदूस हितकर म्हणून नांवाजलेल्या एका आहाराचा ६०४ माणसांवर तीन वर्षें प्रयोग झाला, आणि इतर बेताच्या आहाराहून तो विशेष सरस ठरला नाहीं, असें २०२३ सालीं दिसून आलें. पण आहार हा तीन वर्षांचा प्रयोग नसून साठ-सत्तर वर्षांचा संस्कार आहे, आणि त्याचें मोजमाप अद्याप कोणाच्याही तागडींत पूर्णपणें आलेलें नाहीं.

ज्या घरांत वडील माणसांची आठवण ढळूं लागली असेल, तेथें प्रथम वैद्यकीय तपासणी व्हावी: रक्तदाब, साखर, ब-१२, थायरॉइड, कान आणि डोळे. गोळ्यांची बाटली घरांत येण्यापूर्वीं ती डॉक्टरांस दाखवावी, कारण रक्त पातळ करणाऱ्या वगैरे औषधांशीं या अर्कांचें जमेलच असें नाहीं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्या माणसाशीं रोज कोणी तरी बसून बोलावें, त्याला येतें तें त्याच्याकडून म्हणवून घ्यावें. 'रसायन' या शब्दाचा अर्थ रसांचें अयन, म्हणजे पोषक रस जेथें जावयाचे तेथें पोंचविणारा मार्ग, असा करतात. मार्ग मोकळा असावा लागतो. तो कोठें तुंबला आहे हें आधीं शोधावें, आणि मग त्यावरून काय पाठवावयाचें तें ठरवावें. मुलें-सुना, भाऊ-भावजया जेथें एका छपराखालीं नांदतात, तेथें हा शोध घेण्यास माणसें कमी पडूं नयेत.